भाकर काय विकायची गोष्ट आहे का?

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी बीडहून संभाजीनगरला निघालो होतो. गाडीत आई, बाबा, मी, बायको आणि आजी. गेवराईच्या अलीकडे हायवेला लागून एक ढाबा दिसला. 'अस्सल गावरान जेवण, चुलीवरची भाकरी' असा भलामोठा बोर्ड, दारात बैलगाडीचं चाक, बसायला बाजा. पुण्यात राहून आमची जी काही अवस्था झालीय, ती बघता गाडी तिथे थांबणारच होती.

आम्ही पिठलं, ठेचा, भाकरी सांगून मोकळे झालो. आजीने मेनूकार्डावरचा दर बाबांकडून वाचून घेतला. एक भाकरी, तीस रुपये. दोन मिनिटं गप्प राहिली आणि म्हणाली, "भाकर काय इकायची गोष्ट हाय का? मला ते पनीर सांगा. अन् तंदूरची रोटी."

आम्ही हसलो. मग मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढचे दोन-तीन वीकेंड थोडं वाचलं, थोडं आजीला फोनवर विचारलं. त्यातून जे जुळलं ते इथे लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे आजीचं म्हणणं शब्दशः खरं आहे. आपल्याकडे भाकरी ही विकायची वस्तू नव्हतीच. ती द्यायची, मागायची किंवा बरोबर न्यायची. प्रवासाला निघालेला माणूस शिदोरी बांधून निघायचा. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. दशमीचं पीठ दुधात भिजवायचं, एक तर ती टिकते म्हणून आणि दुसरं म्हणजे दुधातलं सोवळ्या-ओवळ्याला चालतं म्हणून. म्हणजे शिदोरीतसुद्धा जात होतीच. शिकायला परगावी गेलेला ब्राह्मणाचा पोरगा माधुकरी मागायचा, नाहीतर वार लावून जेवायचा, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. गावात हरिनाम सप्ताह असला की घरोघरच्या भाकरी गोळा व्हायच्या आणि आमटी मोठ्या कढईत. थोडक्यात काय, बाहेर खाणं म्हणजे दुसऱ्याच्या घरचं खाणं. पैसे देऊन शिजलेलं अन्न घेणं हे नाइलाजाचं लक्षण समजलं जाई.

मग हॉटेल आलं कधी? आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. जिल्ह्यात रेल्वे होती ती परळीकडच्या कोपऱ्यात. बीड शहराला रेल्वे मिळाली ती थेट १७ सप्टेंबर २०२५ ला! त्यामुळे आमच्याकडे बाहेर खाण्याची जागा म्हणजे बसस्टँड आणि बाजारतळ. तिथे मिळायचं काय? चहा, भजे, आलूबोंडा, शेव-चिवडा, गुडीशेव. भाकरी नाही. हॉटेलात जाऊन भाकरी मागितली असती तर मालकाने विचारलं असतं, घरी भांडण झालं का? जेवण मिळायचं ते खानावळीत, आणि खानावळ होती नोकरीवाल्यांची आणि विद्यार्थ्यांची.

आता यातला एक भाग आपण नॉस्टॅल्जियाच्या नादात विसरतो. त्या चहाच्या हॉटेलात सगळ्यांना आत बसता येत नव्हतं. कित्येक गावांत दलितांसाठी वेगळी कपबशी असायची, बाहेर कुठेतरी अडकवलेली, ज्याची त्याने विसळून ठेवायची. आपल्या राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं आणि खाणावळी यांचा स्पष्ट उल्लेख आहे, हे मला परवा वाचेपर्यंत माहीत नव्हतं. देशाच्या घटनेत हॉटेल! पण विचार केला तर बरोबरच आहे. माधुकरी, सप्ताह, शिदोरी, सगळीकडे आधी जात विचारली जायची. पैसे टाकून कुणीही कुणाच्याही शेजारी बसून खावं, ही कल्पना त्या मानाने क्रांतिकारकच होती. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा आला, तरी १९७२ मध्ये बाबा आढावांना 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम काढावी लागली. म्हणजे 'भाकर विकायची नसते' हे कितीही गोड वाटलं, तरी ती दिली जायची कुणाला आणि कशी, हेही विचारायला हवं.

१९७२ म्हटलं की आजी वेगळंच सांगते. लागोपाठ पावसाने दगा दिला होता, विहिरी आटल्या होत्या, घरातली ज्वारी संपली होती. सरकारने दुष्काळी कामं काढली. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ ला कायदा झाला, पण आजीला ते काही माहीत नाही. तिला आठवते ती कामावर वाटलेली सुकडी आणि रेशनवरची मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी तांबडी व्हायची आणि घशाखाली उतरायची नाही. "बाहेर खाल्लं म्हनतोस नं? तवा खाल्लं की समद्या गावानं बाहेर," आजी म्हणाली. यावर काय बोलणार?

त्याच्या आधीपासूनच जिल्ह्यातून दुसरं 'बाहेर' सुरू झालं होतं. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० चा. मग पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले आणि पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, केजकडची माणसं दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाऊ लागली. नवरा-बायको मिळून एक कोयता. आधी उचल घ्यायची, मग ती फेडेपर्यंत तोडायचं. पहाटे कोपीबाहेर तीन दगडांवर चूल पेटवायची, दिवसभराच्या भाकरी थापायच्या आणि फडकं बांधून फडात जायचं. लाखो लोक वर्षातले पाच-सहा महिने असे बाहेर जेवतात, पण त्यांच्या जेवणाला कुणी 'गावरान थाळी' म्हणत नाही.

इकडे घरात हळूहळू भाकरीच बदलली. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. उत्पन्न वाढलं, पण मालदांडीची चव काही आली नाही. नाजूक, दमसास नसलेल्या पोरांना म्हातारी माणसं अजून 'हायब्रीड' म्हणतात, ते तिथूनच :-) रब्बी ज्वारी हाताने उपटून काढावी लागते, मजूर मिळत नाहीत. कापूस आणि सोयाबीन हातात रोख पैसा देतात. रेशनवर गहू-तांदूळ. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गहू २ रुपये किलो झाला, जानेवारी २०२३ पासून तर फुकट. ज्या घरात गव्हाची पोळी फक्त सणाला व्हायची, तिथे रोज चपाती आणि भाकरी कधीतरी. योगायोग बघा, तेच २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं!

आता आजीने पनीर आणि रोटी का मागितली ते कळतं. तिच्या हिशोबात गहू म्हणजे सण आणि भाकरी म्हणजे रोजचा दिवस, त्यात १९७२ पण आलं. हॉटेलात येऊन पैसे देऊन रोजचा दिवस कोण विकत घेईल? ते सुचतं ज्यांचा तो रोजचा दिवस मागे सुटलाय त्यांना. म्हणजे आपल्याला.

आणखी एक, जरा इंजिनियरी मुद्दा. हॉटेलवाल्याला भाकरी परवडणं अवघडच. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे गव्हाच्या कणकेसारखं पीठ मळून तासभर ठेवता येत नाही. ताणायला गेलं की तुटतं. गरम पाणी घालून दर भाकरीचं पीठ ताजं मळायचं, काठवटीत थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं आणि निखाऱ्यावर फुगवायची. गार झाली की कडक. म्हणजे आपल्या भाषेत, भाकरी स्केल होत नाही. तंदूरची रोटी होते. बोर्डावर 'चुलीवरची भाकरी' लिहिलं की त्याचा अर्थ एवढाच, की आत कुणीतरी बाई धुरात बसून एकेक भाकरी हाताने थापतेय.

ती बाई होतीच. जेवण झाल्यावर आम्ही बिल देत होतो आणि आजी गायब. शोधलं तर चुलीपाशी बसलेली. दहा मिनिटांत दोघींनी एकमेकींची गावं, माहेरं, लेकरं सगळं काढलं होतं. बाई पाटोद्याकडची. लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. दोन वर्षं झाली जात नाही, नवरा-बायको दोघं इथेच कामाला आहेत. तिची पोरगी आठवीत आहे आणि दिवाळीनंतर तिची शाळा सुटली नाही, असं हे दुसरंच वर्ष.

मी गाडीत मुद्दाम आजीला छेडलं, "काय आजी, भाकर विकायची नसते ना?"

आजी खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "इकू दे बाबा. लेकरं तर घरी ऱ्हायली."

असो. परतीच्या वाटेवर आम्ही परत तिथेच थांबलो. आजीने या वेळीही रोटीच घेतली. पण निघताना पाच भाकरी बांधून घ्यायला लावल्या, आणि पैसे स्वतःच्या पिशवीतून काढून त्या बाईच्या हातावर ठेवले. बिल तर काउंटरवर द्यायचं असतं, हे तिला सांगायच्या भानगडीत आमच्यापैकी कुणी पडलं नाही.