सुई दवाखान्यातून घरात आली

आपल्याकडे हट्टी मुलाला गप्प बसविण्याचा एक ठरलेला उपाय आहे. ‘रडू नकोस, नाहीतर डॉक्टर येऊन सुई टोचतील,’ एवढे म्हटले की मूल आईच्या पदरात तोंड लपविते. हा धाक घालणाऱ्या आयांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या आयांनीही त्यांना तोच घातला होता. परंतु ज्या घरात तीच सुई रोज, दिवसातून तीन-चार वेळा, खुद्द आईलाच टोचावी लागते, त्या घरातल्या चार-पाच वर्षांच्या मुलाने या वाक्याचा अर्थ काय लावावयाचा?

अशी घरे आपल्या शहरात आहेत. बालवयात मधुमेह जडलेल्या मुलाच्या शरीरात इन्शुलिन नावाचे संप्रेरक, ज्याला आपण हार्मोन म्हणतो, ते तयार होईनासे होते. ते बाहेरून द्यावे लागते. तोंडावाटे द्यावे तर पोटातले रस ते पचवून टाकतात. म्हणून सुईवाचून गत्यंतर नाही. आमच्या कामगारांना निदान आठवड्याची सुट्टी मिळते. या मुलांना तीही नाही.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले आणि शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. औषध किती व केव्हा हे डॉक्टरांनी सांगावयाचे. त्या प्रांतात आम्ही शिरणार नाही. परंतु एखादे अवघड काम तज्ज्ञाच्या हातून साध्या माणसाच्या हाती कसे येते, आणि ते करताना माणसाचा मान कसा राखला जातो, हा विषय आमच्या रोजच्या परिचयाचा आहे. त्या दृष्टीने या सुईचा शंभर वर्षांचा इतिहास आपणापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम १९२२ पूर्वीची स्थिती पाहू. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन नावाच्या डॉक्टरने एक उपचार रूढ केला होता, तो म्हणजे उपासमार. खाणे जितके कमी, तितकी रक्तातली साखर कमी आणि मरण तितके लांब. मुलांना दिवसाकाठी मोजून काही घास मिळत. अ‍ॅलनच्या एका रुग्णाची, बारा वर्षांच्या आंधळ्या मुलाची, हकीकत नमूद आहे. त्याला कोणी खावयास देत नसतानाही त्याची साखर वाढे. शेवटी कळले की तो पिंजऱ्यातल्या पाखराचे दाणे आणि दात घासण्याची पेस्ट खात होता. अ‍ॅलन क्रूर नव्हता. त्याच्याजवळ दुसरे काही नव्हते. या उपचाराने मिळे ती मुदत, आयुष्य नव्हे.

ही कोंडी फुटली कॅनडातील टोरांटो शहरी. फ्रेडरिक बँटिंग या तरुण शल्यवैद्याने चार्लस बेस्ट या विद्यार्थ्यास हाताशी घेऊन, प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, १९२१ च्या मे महिन्यात कामाला आरंभ केला. पुढे जेम्स कॉलिप हा रसायनज्ञ येऊन मिळाला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. मुलाचे वजन अवघे ६५ पौंड. औषध अशुद्ध होते. साखर थोडीच उतरली आणि टोचल्या जागी गळू मात्र झाले. कॉलिपने ते शुद्ध केले आणि २३ जानेवारीपासून पुन्हा सुया सुरू झाल्या. या वेळी गुण आला. संशोधकांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठाच्या स्वाधीन केले. कष्टाचे मोल जाणणाऱ्या माणसाने हा एक डॉलर विसरू नये.

येथवरची कथा पाठ्यपुस्तकात सापडते. आमचा विषय तिच्या पुढे सुरू होतो. औषध सापडले, पण ते रोज टोचावयाचे कोणी?

त्या उन्हाळ्यात टोरांटोला आलेली दोन मुले पाहा. टेडी रायडर हा पाच वर्षांचा अमेरिकन मुलगा. वजन २६ पौंड. बँटिंगने त्याला सप्टेंबरात आणावयास सांगितले होते. मुलाच्या डॉक्टर चुलत्याने कळविले की सप्टेंबरपर्यंत मूल राहणार नाही. जुलैमध्ये त्याची आई त्याला घेऊन आली, त्याच्याजवळ राहिली आणि शरद ऋतूत त्याला घेऊन घरी परतली. पुढच्या वर्षी या मुलाने बँटिंगला पत्र पाठविले, की आता मी गुबगुबीत झालो आहे आणि झाडावर चढू शकतो. तो मुलगा इन्शुलिनवर सत्तराहून अधिक वर्षे जगला. १९९३ साली वारला.

दुसरी एलिझाबेथ ह्यूज. तिचे वडील त्या वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. अकराव्या वर्षी रोग जडला, तीन वर्षे अ‍ॅलनच्या उपासमारीवर काढली, आणि ऑगस्ट १९२२ मध्ये ती बँटिंगकडे आली तेव्हा पंधरावे वर्ष पुरे होत आले होते, वजन ४५ पौंड. औषध अजून ओबडधोबड होते, टोचल्यावर अंग दुखे. ही मुलगी स्वतःच्या हाताने इंजेक्शन घ्यावयास शिकली. तिने लग्न केले, तिला तीन मुले झाली. १९८१ साली वारली तोवर तिने सुमारे ४२,००० सुया घेतल्या असे सांगतात. परंतु आपल्याला मधुमेह आहे ही गोष्ट तिने जन्मभर जवळजवळ सर्वांपासून लपविली. सुईची भीती तिने जिंकली; लोकांची जिंकता आली नाही. मुलीच्या लग्नाची चिंता करणाऱ्या आपल्या घरांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

आता हिशेब करा. दिवसाला दोन-तीन सुया म्हटल्या तर वर्षाला हजाराच्या घरात जातात. मंत्र्याच्या मुलीसाठी परिचारिका ठेवता येईल. कारकुनाच्या, सुताराच्या मुलासाठी डॉक्टर दिवसातून तीनदा कसा येणार? बोस्टनच्या इलियट जॉस्लिन या डॉक्टरने हा हिशेब इतरांच्या आधी ओळखला होता. १९१८ सालीच त्याने मधुमेहावर एक पुस्तिका काढली होती, आणि ती डॉक्टर व रोगी या दोघांनी मिळून वापरावी असे तिच्या नावातच म्हटले होते. इन्शुलिन आल्यावर त्याने रुग्णांचे व आयांचे वर्ग चालविले. त्याने तयार केलेल्या परिचारिका घरोघरी जाऊन सुई कशी धरावी, लघवी कशी तपासावी, जेवण कसे मोजावे हे शिकवीत. या बायांची नावे इतिहासात मोठ्या अक्षरांत आली नाहीत. परंतु आमच्या मते सुई दवाखान्याचा उंबरा ओलांडून घरात आली ती त्यांच्या पायांनी.

ते काम सोपे नव्हते. काचेची पिचकारी रोज उकळावयाची. पोलादी सुई पुनःपुन्हा वापरावयाची. ती बोथट झाली की दगडावर घासून धार लावावयाची. लघवीतली साखर पाहण्यासाठी बेनेडिक्टचे निळे द्रावण घ्यावयाचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकून उकळावयाचे आणि रंग पाहावयाचा. निळाच राहिला तर ठीक. मग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि विटेसारखा लाल झाला तर साखर भरपूर. प्रयोगशाळेचे काम स्वयंपाकघरात आले, आणि शाळेची पायरीही न चढलेल्या बायांनी ते निभावून नेले. अकुशल म्हणून ज्यांची संभावना होते त्यांच्या हातांत किती कौशल्य असते, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

परंतु हात शिकले म्हणून मुलाचे मन शिकते असे नाही. एकटे मूल सुईला भिते, आणि सुईहून अधिक भिते ते आपण इतरांहून निराळे आहोत याला. यावर जो उपाय निघाला तो आम्हांला फार ओळखीचा वाटतो. १९३२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये, क्लारा बार्टनच्या जन्मस्थानी, मधुमेही मुलींसाठी उन्हाळी शिबिर सुरू झाले. तेथे सकाळी एकीला सुई द्यावयाची तर सगळ्याजणींनाच द्यावयाची असे. निराळे कोणी उरलेच नाही. धाकटीने मोठीला स्वतः टोचून घेताना पाहावे आणि एके दिवशी आपणही हात पुढे करावा. एकटा कामगार मुकादमापुढे घाबरतो. दहाजण बरोबर असले की त्याचा आवाज फुटतो. मुलांचे त्याहून वेगळे नाही.

मोठ्यांनीही हेच केले. इंग्लंडात १९३४ साली रॉबर्ट लॉरेन्स हा डॉक्टर व एच. जी. वेल्स हा लेखक या दोघांनी मधुमेही लोकांची संघटना स्थापन केली. दोघे स्वतः मधुमेही होते. आपल्या मुंबईत १९५५ साली डॉ. अजगावकर यांनी डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया उभी केली. रोगी हा दयेचा विषय नसून तो संघटित होऊ शकतो, हा विचार अशा रीतीने आपल्यापर्यंत आला.

मुलाच्या भीतीकडे वैद्यकाने नीट पाहिले ते मात्र उशिरा. इंग्लंडच्या रुग्णालयांत लहान मुलांच्या आईबापांना भेटीची वेळ अगदी थोडी असे. आई दिसली की मूल रडते, सबब आईच नको, असा तर्क चाले. जेम्स रॉबर्टसन याने १९५२ साली रुग्णालयात ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट तयार केला आणि गप्प बसलेले मूल शांत नसते, हताश असते, हे डॉक्टरांना दाखविले. १९५९ साली सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने आईबापांना मुक्त प्रवेश द्यावा अशी शिफारस केली. मूल रडले तरी चालेल, पण त्याचा विश्वास तुटता कामा नये, हा धडा घरातल्या सुईलाही तितकाच लागू आहे.

या सर्व इतिहासातून घरासाठी काय निघते? आम्हांस चार गोष्टी दिसतात. पहिली, खरे बोलणे. ‘मुळीच दुखणार नाही’ असे सांगून टोचले तर दुसऱ्या दिवशी मूल सुईवर आणि आईवर, दोघांवर अविश्वास दाखविते. ‘मुंगी चावल्यासारखे होईल, मोजून पाचपर्यंत, मग झाले,’ हे त्याला पटते. झोपेत किंवा खेळात दंग असताना गुपचूप टोचण्याचा मोह टाळावा. नाहीतर मुलाला झोपेचीच धास्ती बसते. दुसरी, मुलाला खरा वाटा देणे. सुई घ्यावयाची की नाही हे त्याच्या मर्जीवर सोडता येत नाही, आणि सोडल्यासारखे नाटकही करू नये. पण मांडी की पोट, डावी बाजू की उजवी, आईच्या मांडीवर बसून की खाटेवर, हे त्याने ठरवावे. जागा बदलत राहणे तसेही आवश्यक असते, कारण एकाच ठिकाणी टोचत राहिले तर तेथे गाठी धरतात व औषध नीट शोषले जात नाही. तेव्हा मुलाची निवड ही निव्वळ समजूत नव्हे, ते उपचाराचेच काम होय. त्याने बाहुलीला खोटी सुई द्यावी, आकडा वाचावा, कापूस धरावा.

तिसरी, सौदेबाजी लांबवू नये. ‘थांब, पाणी पितो, मग शेंगदाणे खातो’ असे अर्धा तास चालले तर सुईचे एका क्षणाचे दुखणे अर्ध्या तासाचे होते. रोज तीच वेळ, तोच क्रम, थोडक्यात उरकणे, आणि नंतर जवळ घेणे. चौथी, भार वयाप्रमाणे द्यावा. आठ-दहा वर्षांचे मूल स्वतः टोचावयास शिकले की घराला हायसे वाटते आणि सगळेच त्याच्यावर सोडले जाते. हा शिकाऊ उमेदवाराकडून पुऱ्या कारागिराचे काम घेण्यासारखा अन्याय आहे. हात त्याचा असला तरी नजर मोठ्यांची हवी.

साधने आज पुष्कळ सुधारली आहेत. पिचकारी उकळावी लागत नाही. पेनमधून अवघ्या चार मिलिमीटरची सुई वापरता येते. बोटाच्या थेंबावर साखर कळते. ज्या घरी फ्रीज नाही तेथे ओल्या मातीच्या मडक्यात इन्शुलिन गार ठेवितात, आणि हा उपाय उपयोगी असल्याचे तपासून पाहिले गेले आहे. तरी सुया कमी झालेल्या नाहीत. १९३६ साली डेन्मार्कच्या हागेडॉर्नने सावकाश काम करणारे इन्शुलिन काढल्यावर दिवसाच्या सुया घटल्या होत्या. परंतु १९९३ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले की साखर काटेकोर राखली तर डोळे व मूत्रपिंडे यांची हानी पुष्कळ टळते. आणि तसे राखावयाचे तर अधिक वेळा टोचणे आले. म्हणजे आजच्या मुलाला साठ वर्षांपूर्वीच्या मुलाहून जास्त सुया घ्याव्या लागतात, त्या त्याच्याच उद्याच्या दृष्टीसाठी. हे त्याला समजेल अशा भाषेत सांगणे आपले कर्तव्य आहे.

शेवटी एक मागणे. गिरणीत कामगार आजारी पडला तर साचा बंद राहत नसे. बदली कामगार उभा असे. मधुमेही मुलाच्या आईला बदली नाही. तिला ताप आला, माहेरी कोणी गेले, तरी सुईची वेळ टळत नाही. यास्तव प्रत्येक अशा घरात आणखी एका माणसाने हे काम शिकून घ्यावे. बापाने तर शिकावेच. काका, मावशी, शेजारच्या वहिनी, कोणीही चालेल. शाळेतल्या गुरुजींनी साखर एकदम उतरल्याची लक्षणे, घाम, थरथर, गुंगी, ओळखावीत आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. जॉस्लिनच्या परिचारिकांनी शंभर वर्षांपूर्वी अनोळखी घरांची दारे ठोठावली होती. आपल्याला तर फक्त शेजारचे दार ठोठावावयाचे आहे.