शहाजादा सलीमची पहिली मृगया

शिकारखान्याच्या याद्या हातीं आल्या म्हणजे संग्राहक त्या बहुधा बाजूस ठेवितात. जनावरांचीं नांवें आणि आंकडे यांपलीकडे त्यांत कांहीं नसावें, अशी समजूत असते. प्रस्तुत लेखांत अशाच एका यादीचा विचार केला आहे. ती जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तांत आलेली असून, बापाच्या हाताखालीं शिकारीस लागलेल्या एका मुलाचें वय तिच्यावरून निश्चित होतें. त्या मुलास बापाकडून बंदुकीबरोबर आणखी काय मिळालें, हेंही ती यादी इतर नोंदींशीं ताडून पाहिली असतां कळून येतें.

प्रथम साधनाविषयीं. जहांगीराच्या आत्मवृत्ताची एक अविश्वसनीय प्रत प्रचारांत होती. मेजर प्राइसनें १८२९ सालीं इंग्रजी भाषांतर केलें तें तिचेंच. तींतील आंकडे भरमसाट फुगविलेले आहेत. विश्वसनीय फारसी पाठ सय्यद अहमदखान यांनीं १८६३-६४ च्या सुमारास छापिला आणि त्यावरून रॉजर्स व बेव्हरिज यांचें भाषांतर १९०९ व १९१४ सालीं दोन भागांत प्रसिद्ध झालें. पुढील विवेचन या दुसऱ्या परंपरेस धरून आहे.

जुलूसाच्या ११ व्या वर्षाच्या अखेरीस, म्हणजे १६१७ च्या आरंभीं, बादशहाच्या मनांत आलें कीं, आजवर आपण किती शिकार केली याचा हिशोब काढावा. त्यानें वाकेनवीस, शिकारीचे मुश्रीफ व करावल यांस आज्ञा केली आणि त्यांनीं दप्तर पाहून बेरीज मांडली. हिजरी ९८८ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आरंभापासून, पन्नासाव्या चांद्र वर्षापर्यंत बादशहाच्या समक्ष २८,५३२ जनावरें पडलीं. त्यांपैकीं १७,१६७ त्यानें स्वतःच्या हातानें मारलीं.

येथें दोन गोष्टी तपासून पाहण्यासारख्या आहेत. पहिली वयाची. सलीमचा जन्म १७ रबिलावल ९७७ (३१ ऑगस्ट १५६९) रोजीं झाला. त्याचें बारावें चांद्र वर्ष रबिलावल ९८८ मध्यें, म्हणजे १५८० च्या उन्हाळ्यांत लागतें. सौर मानानें त्या वेळीं मुलाचें वय अवघें दहा वर्षें आठ महिने होतें. याच गणनेनें पन्नासावें चांद्र वर्ष रबिलावल १०२६ मध्यें, म्हणजे १६१७ च्या मार्चांत लागतें आणि जुलूसाचें ११ वें वर्षही तेव्हांच संपतें. तात्पर्य, नोंदींतील दोन्ही टोकें एकमेकांशीं जुळतात.

दुसरी गोष्ट बेरजेची. चतुष्पादांची एकूण संख्या ३,२०३ दिली आहे. तिचे पोटभाग असे: वाघ ८६, अस्वल, चित्ता, कोल्हा इत्यादि ९, नीलगाई ८८९, म्हाका नांवाची हरिणजाति ३५, काळवीट, चिंकारा, चितळ, डोंगरी बकरे इत्यादि १,६७०, मेंढे व तांबडीं हरणें २१५, लांडगे ६४, रानरेडे ३६, डुकरें ९०, रंग २६, डोंगरी मेंढ्या २२, अर्घली ३२, रानगाढवें ६, ससे २३. हे चौदा आंकडे मिळवून पाहिल्यास बरोबर ३,२०३ येतात. उरलेली १३,९६४ ही संख्या पक्ष्यांची म्हणून दिली आहे. परंतु पोटभागांची बेरीज करतां पक्षी १३,९५४ च भरतात, आणि त्यांत यादीच्या शेवटीं आलेल्या १० मगरी मिळविल्या म्हणजे हिशोब पुरा होतो. स्तुतिपाठक आंकडा रचतो तेव्हां तो गोल रचतो. शेवटच्या दहा मगरींपर्यंत जुळणारा हा ताळा कारकुनाच्या हातचा आहे, हें उघड दिसतें.

या यादींत पारवे १०,३४८ व कावळे ३,२७६ आहेत. म्हणजे स्वहस्तें मारलेल्या जिवांपैकीं सुमारें चार पंचमांश या दोनच पक्ष्यांचे. हरणांचा जो मुख्य वर्ग, तो एक दशांशासही पुरा पडत नाहीं. पारवा आणि कावळा हीं नेम बसविण्याचीं लक्ष्यें होत. यांतील पुष्कळसा भाग मुलाचा हात बसत असतांच्या काळचा असावा, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. हरीण ही त्यानंतरची पायरी. त्यास डोळ्यांनीं पाहण्यापूर्वीं वारा पाहावा लागतो.

ही विद्या सलीमला कोणाकडून मिळाली, तें तो स्वतःच सांगतो. आपल्या पित्याच्या नेमबाजीची प्रशंसा करून, बंदुकीच्या बाबतींत आपण त्याचे खरे शिष्य आहोंत, असें तो अभिमानानें नमूद करितो आणि एका दिवसांत आपण अठरा हरणें पाडल्याचा दाखला देतो. त्याच ठिकाणीं त्यानें अकबराच्या संग्राम नांवाच्या बंदुकीचा उल्लेख केला आहे. १५६८ सालीं चितोडास जयमल ज्या बंदुकीनें पडला तीच ही. तिनें तीन-चार हजार पशुपक्षी मारिले, असें पुत्राचें म्हणणें. परंतु आईन-इ-अकबरींत संग्रामच्या नांवावर १,०१९ जनावरें मांडलीं आहेत. आईननंतरही बंदूक चालली असेल, हें खरें. तथापि स्वतःचा आंकडा दप्तरावरून देणारा हा लेखक बापाचा आंकडा मात्र आठवणीनें देतो, आणि आठवणींत बापाची बंदूक तिप्पट-चौपट मोठी झालेली असते. इतिहासकारास ही चूक टिपून ठेवणें अवश्य आहे, पण तिच्यावर रागावण्याचें कारण नाहीं.

मुलाची मृगया ही केवळ करमणूक नव्हे, ही समजूत या घराण्यांत आधींपासून होती. अबुल फज्ल अकबराच्या बालपणची एक गोष्ट सांगतो. काबूलच्या मुलखांत सफेदसंग येथें तो कुत्र्यांनिशीं हरणांच्या शिकारीस गेला असतां वाटेवर ठेविलेले नोकर खाण्यांत गुंतले आणि हरणें निसटून गेलीं. पोरवय समजून त्यांनीं हयगय केली होती. मुलानें त्यांच्या गळ्यांत दोर घालून त्यांस छावणीभर फिरविण्याचा हुकूम केला. हुमायूनच्या कानीं हें गेलें तेव्हां त्यास संतोष झाला. हा मुलगा पुढें राज्य करील, असें त्यास वाटलें. हरीण हातचें गेलें, परंतु हुकूम चालविण्याची रीत मुलास कळली, हेंच पित्याच्या लेखीं त्या दिवसाचें फळ. आईनमध्येंही अबुल फज्ल शिकारीचें समर्थन याच दिशेनें करितो: शिकारीच्या निमित्तानें बादशहा वर्दी न देतां मुलखांत जातो, रयतेचें दुःख व सैन्याची स्थिति पाहतो.

परंतु सलीमच्या वांट्यास आलेला बाप हा सफेदसंगचा मुलगा राहिला नव्हता. १५६७ सालीं लाहोराजवळ महिनाभर रान वेढवून कमर्घा खेळणारा अकबर निराळा आणि १५७८ सालचा निराळा. त्या वर्षीच्या मे महिन्यांत पंजाबांत भेऱ्याच्या आसपास असाच मोठा हाका चालला होता. वेढा आवळत आला आणि जनावरें कोंडलीं गेलीं, तोंच एका झाडाखालीं अकबराची वृत्ति एकाएकीं पालटली. त्यानें शिकार थांबविली, पाखरासही कोणीं हात लावूं नये अशी आज्ञा करून सर्व जनावरें मोकळीं सोडविलीं आणि दानधर्म केला. यानंतर दोनच वर्षांनीं सलीमच्या शिकारीची नोंद सुरू होते. म्हणजे ज्यानें मुलास शिकार शिकविली, त्याचा स्वतःचा हात तिच्यावरून निघूं लागला होता.

याहून मागची एक गोष्ट जहांगीरानें दिली आहे व ती या विषयास फार महत्त्वाची आहे. तो गर्भांत असतांना एके दिवशीं गर्भाची नेहमींची हालचाल बंद पडली. दासी घाबरून गेल्या व बादशहास कळविण्यांत आलें. अकबर त्या वेळीं चित्त्यांनीं शिकार करीत होता आणि वार शुक्रवार होता. त्यानें तत्काळ नवस केला कीं, मूल वांचल्यास जन्मभर शुक्रवारीं चित्त्यांची शिकार करणार नाहीं. गर्भ हालला. अकबरानें तें व्रत शेवटपर्यंत पाळलें आणि, जहांगीर लिहितो, आपणही पित्यास अनुसरून शुक्रवारीं चित्त्यांची शिकार केली नाहीं. सलीमच्या जन्मापूर्वींच मृगया आणि नवस यांची गांठ अशी पडलेली होती. मुलगा पुढें दोन्ही शिकला.

हा दुहेरी वारसा जहांगीराच्या राज्यारंभींच दिसून येतो. लाहोराजवळ जहांगीरपूर, म्हणजे सध्यां पाकिस्तानांत असलेलें शेखुपुरा, येथें मनसराज नांवाचें त्याचें पाळीव काळवीट मेलें. काळविटाच्या शिंगांस जाळें बांधून त्यास रानांतील नरावर सोडीत. टक्कर जुंपली म्हणजे रानटी नराचीं शिंगें जाळ्यांत अडकत. या कामांत व झुंजींत मनसराज अद्वितीय होता. जातभाईंस धरून देणाऱ्या या जनावराच्या कबरेवर बादशहानें मनोरा बांधविला, हरणाच्या आकाराचा दगड बसविला आणि त्या रानांत हरीण कोणीं मारूं नये. हिंदूंस तें गोमांसवत् व मुसलमानांस डुकराच्या मांसासारखें समजावें, असें फर्माविलें. हा हरनमिनार अद्याप उभा आहे.

आतां १६१८ सालाकडे वळूं. जुलूसाच्या १३ व्या वर्षीं बादशहा गुजराथेंतून आग्र्याकडे परतत होता. औरंगजेबाचा जन्म याच प्रवासांत दोहद येथें झाला. शहाजहानचा मुलगा शहा शुजा सवादोन वर्षांचा असून नूरजहानच्या देखरेखीखालीं वाढत होता. त्यास झटके येऊं लागले व उपाय चालेनात. पन्नाशी उलटल्यावर बंदुकीची शिकार सोडावी व स्वहस्तें कोणत्याही जीवास इजा करूं नये, असा संकल्प जहांगीरानें पूर्वींच केला होता. तो आजपासूनच अमलांत आणिला तर या पोराचा जीव वांचेल, असें त्याच्या मनानें घेतलें. चांद्र गणनेनें पन्नाशी त्याच वर्षाच्या मार्चांत उलटली होती, सौर गणनेनें उलटावयास अवकाश होता; आणि हा बादशहा दोन्ही गणनांचे वाढदिवस पाळून दोन वेळां तुला करीत असे. सवलत घ्यावयाची तर जागा होती. ती त्यानें घेतली नाहीं. मूल बरें झालें. हा प्रसंग लिहितांना त्यास आठवण झाली ती बापाच्या शुक्रवारच्या नवसाची. वर दिलेली गोष्ट त्यानें याच ठिकाणीं सांगितली आहे.

व्रत किती टिकलें? १६१९ सालीं मथुरेकडे एका वाघानें उपद्रव मांडला, तेव्हां आपण शपथबद्ध आहोंत म्हणून बादशहानें नूरजहानला बंदूक चालविण्यास सांगितलें व तिनें एका गोळींत वाघ पाडला. परंतु १६२७ सालीं, मुतमदखानाच्या इक्बालनाम्यावरून पाहतां, काश्मीरहून परततांना बहिरमकल्ला येथें बंदूक पुन्हां बादशहाच्या हातांत आहे. वय व दमा यांमुळें तो बैठकीवरून नेम धरीत असे आणि लोक डोंगरावरून हरणें हाकून आणीत. जखमी हरणामागें धांवलेला एक प्यादा कड्यावरून कोसळून ठार झाला. बादशहानें त्याच्या आईस द्रव्य देऊन सांत्वन केलें, पण ती छाया त्याच्या मनावरून गेली नाहीं. थोड्याच दिवसांत, सफर १०३७ मध्यें, वाटेंतच त्याचा अंत झाला. ज्याच्यासाठीं व्रत धरिलें तो शुजा त्या वेळीं अकरा वर्षांचा होता. आजोबानें पहिली बंदूक धरिली साधारण त्याच वयाचा.

एवंच, सलीमच्या शिकारशिक्षणाचें वर्ष हि. ९८८ हें निश्चित समजावें, त्या नोंदींतील आंकडे विश्वसनीय मानावे, आणि या शिक्षणांत नेमाइतकेंच नेम आवरण्याचेंही उदाहरण होतें, असें म्हणावें. पहिलें तो जन्मभर विसरला नाहीं. दुसरें त्यास पन्नाशीपर्यंत पुरें साधलें नव्हतें, आणि साधलें तें एका आजारी पोराच्या उशाशीं. शिकारखान्याची यादी संग्रहीं असल्यास तिची बेरीज एकवार करून पाहावी, एवढीच संग्राहकांस विनंति आहे.