मूकपटकालीन फिल्मचे संरक्षण आणि सरस्वतीबाई फाळके

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात दादासाहेब फाळके यांच्या दिग्दर्शनाची चर्चा विपुल प्रमाणात झालेली आहे. तथापि, कॅमेऱ्यात फिल्म भरणे व ती प्रकाशापासून जपणे या कामाकडे तुलनेने दुर्लक्ष झाले. इ.स. १९१२ मध्ये फाळके यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र मिळविले. कच्ची फिल्म छिद्रांविना येत असे. छिद्रांशिवाय ती कॅमेऱ्यात पुढे सरकत नसे आणि प्रकाश लागताच निकामी होई. म्हणून छिद्रे पाडणे व फिल्म भरणे ही कामे अंधाऱ्या खोलीतच करावी लागत. सरस्वतीबाई फाळके यांनी, सर्व कलावंतांचा स्वयंपाक सांभाळून, ही कामे आत्मसात केली. ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे हे श्रम होते, श्रेय मात्र दीर्घकाळ एकट्या फाळके यांनाच मिळाले.

चित्रीकरणानंतरही धोका टळत नसे, कारण नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही व कालांतराने कुजणारी होती. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचेच उरले, तीही १९१७ च्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर बहुतांश मूकपट नष्ट झाले होते. सारांश, अंधाऱ्या खोलीत घेतलेली काळजी पुढील पिढ्यांनी वेळीच घेतली नाही, असेच म्हणावे लागते.