धर्मादाय दौड

धर्मादाय दौड : लोकोपयोगी कार्यासाठी निधी उभारण्याच्या हेतूने भरविलेली, अथवा अशा हेतूने धावणाऱ्यांसाठी जीत खास जागा राखून ठेवलेल्या असतात अशी, सार्वजनिक धावण्याची शर्यत. या प्रकारात तीन पक्ष असतात : धावणारा, त्याच्या धावण्याच्या निमित्ताने पैसे देणारे देणगीदार आणि ज्या संस्थेकडे ते पैसे जावयाचे ती धर्मादाय संस्था. शर्यत कोण जिंकतो यास येथे फारसे महत्त्व नसते. ठरविलेले अंतर पुरे केले की धावणाऱ्याचे काम झाले. पूर, भूकंप किंवा अवर्षण यांसारख्या आपत्तींनंतर मदतफेरी काढण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. मदतफेरीत चालणारा हा केवळ मागणारा असतो. झोळी किंवा डबा घेऊन तो दारोदार फिरतो आणि त्याच्या पायपिटीची वेगळी दखल कोणी घेत नाही. धर्मादाय दौडीत मात्र ती पायपीटच देणगीचे कारण ठरते. एकाचे धावणे आणि दुसऱ्याच्या दुखण्यावरील उपचार यांचा परस्परांशी काहीही कार्यकारणसंबंध नसताना लोकांनी पैसे का द्यावेत, हा प्रश्न या प्रथेच्या इतिहासात पुन:पुन्हा डोकावतो.

प्रथेचा उगम धावण्यात नसून चालण्यात आहे. प्वेर्त रीको येथील लोकप्रिय विनोदी नट रामोन रिव्हेरो ऊर्फ दिप्लो याने १९५३ मध्ये सान ह्वान ते पाँसे हे सु. १३० किमी. अंतर पायी तोडून कर्करोगविरोधी संघटनेसाठी पैसे जमविले. कॅनडात संघराज्याच्या शताब्दी वर्षी, १९६७ मध्ये, ‘माइल्स फॉर मिलियन्स’ या नावाने पदयात्रा निघाल्या. अमेरिकेत ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेने १९७० पासून असाच उपक्रम हाती घेतला. या पदयात्रांनी एक साधे पण उपयुक्त साधन रूढ केले, ते म्हणजे पुरस्कर्त्यांचा तक्ता. शेजारी, नातेवाईक, शिक्षक या तक्त्यावर आपले नाव आणि दर मैलामागे आपण किती देणार तो आकडा लिहीत. चाल संपल्यावर मैल मोजून वसुली होई. देणगी अशा रीतीने सशर्त झाली : चालणारा दहाव्या मैलाला थांबला, तर पैसेही दहा मैलांचेच. उत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळाच्या पावतीपुस्तकात अशी अट नसते.

या अटीला सर्वांत मोठा अपवाद ठरलेल्या घटनेतूनच धर्मादाय दौडीला जागतिक रूप मिळाले. टेरी फॉक्स (२८ जुलै १९५८–२८ जून १९८१) हा कॅनडातील विनिपेग येथे जन्मलेला आणि ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वाढलेला तरुण सायमन फ्रेझर विद्यापीठाचा विद्यार्थी होता. हाडाच्या कर्करोगामुळे मार्च १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाने त्याला मासिकातील एक लेख आणून दिला. एक पाय गमावलेल्या डिक ट्रॉम या गृहस्थाने १९७६ ची न्यूयॉर्क मॅरेथॉन कशी पुरी केली, याची हकीकत त्यात होती. रुग्णालयात दिसलेल्या इतर रुग्णांचे, विशेषत: मुलांचे हाल फॉक्सच्या मनातून जात नव्हते. कर्करोग-संशोधनासाठी निधी जमवावा म्हणून त्याने संपूर्ण कॅनडा देश पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत धावत ओलांडण्याचे ठरविले.

न्यू फाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवून त्याने दौडीस प्रारंभ केला. त्या काळचा कृत्रिम पाय चालण्यासाठी बनविलेला असे. धावताना फॉक्सला चांगल्या पायावर एक जादा उडी घ्यावी लागे आणि कापलेल्या भागाला जखमा होत. तरीही रोज जवळजवळ एका पूर्ण मॅरेथॉनइतके अंतर तो कापत असे. प्रारंभी प्रतिसाद बेताचाच होता. हॉटेल व्यवसायातील उद्योगपती इझडोर शार्प यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी कर्करोगाने दगावला होता. त्यांनी मैलामागे २ डॉलर देण्याचे जाहीर केले व आणखी ९९९ कंपन्यांना तसेच करण्याचे आवाहन केले. दौड ऑन्टॅरिओ प्रांतात पोहोचेपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी राहू लागली होती. प्रत्येक कॅनेडियन नागरिकाकडून १ डॉलर मिळावा, हे लक्ष्य फॉक्सने समोर ठेवले होते.

ही दौड पूर्ण झाली नाही. कर्करोग फुप्फुसांत पसरल्यामुळे १ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले. १४३ दिवसांत ५,३७३ किमी. अंतर कापून झाले होते. पॅसिफिक किनारा अजून फार दूर होता. मैलागणिक देणगीच्या हिशोबाने पाहिले, तर येथे पैशाचा ओघ थांबावयास हवा होता. घडले ते उलटच. आठवड्याच्या आत झालेल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमातून १ कोटीहून अधिक डॉलर जमले, आणि फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २ कोटी ४१ लाखांच्या पुढे, म्हणजे देशाच्या तत्कालीन लोकसंख्येच्या आकड्याला जाऊन भिडला. लोकांनी मैलांसाठी पैसे दिले नव्हते, हे यावरून स्पष्ट होते. स्वत: रोगी असलेला माणूस इतर रोग्यांसाठी शरीर झिजवीत आहे, याची खात्री त्यांना पटली होती. मैलांचा तक्ता हा त्या खात्रीचा केवळ बाह्य पुरावा होता.

फॉक्सच्या मृत्यूनंतर अडीच महिन्यांनी, १३ सप्टेंबर १९८१ रोजी, पहिली ‘टेरी फॉक्स दौड’ झाली. तीत सु. ३ लाख लोकांनी भाग घेतला व ३५ लाख डॉलर जमले. वार्षिक दौडीची कल्पना शार्प यांची. तिचे नियम मात्र फॉक्सच्या इच्छेवर आधारलेले आहेत. प्रवेशशुल्क नाही, विजेता नाही, बक्षीस नाही आणि व्यापारी जाहिरातही नाही. पुढे अनेक देशांत पसरलेल्या या दौडींतून ८५ कोटींहून अधिक डॉलर उभे राहिले. जाहिरातीला दार बंद ठेवूनही हे साधले, याची नोंद घ्यावयास हवी. कारण इतरत्र या प्रथेचा विकास नेमका उलट्या दिशेने झाला.

त्याच वर्षी लंडनमध्ये दुसरा प्रवाह सुरू झाला. मेलबर्न ऑलिंपिकमधील (१९५६) स्टीपलचेस शर्यतीचे सुवर्णपदक-विजेते ख्रिस ब्रॅशर यांनी १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये भाग घेतला आणि तेथील नागरिकांच्या उत्साहाने भारावून त्यांनी जॉन डिस्ली यांच्यासह लंडन मॅरेथॉनची स्थापना केली. २९ मार्च १९८१ रोजीच्या पहिल्या शर्यतीत ६,२५५ जणांनी अंतर पूर्ण केले. पहिल्या आलेल्या दोघांनी हातात हात घालून अंतिम रेषा ओलांडली. शर्यतीतून उरणारा पैसा क्रीडासुविधांसाठी वापरण्याचे धोरण आरंभापासूनच होते. परंतु धावणारे आपापल्या आवडीच्या संस्थांसाठी स्वतंत्रपणे पैसे जमवू लागले आणि हा ओघ लवकरच मूळ उद्देशाहून मोठा झाला.

अमेरिकेत १९८८ मध्ये या व्यवहाराला पद्धतशीर स्वरूप आले. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलीच्या वडिलांनी, ब्रूस क्लेलंड यांनी, ३८ जणांचा गट न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये उतरविला व ल्युकेमिया सोसायटीसाठी ३ लाख २२ हजार डॉलर मिळविले. त्यातून निघालेल्या ‘टीम इन ट्रेनिंग’ या योजनेत संस्था प्रशिक्षण देते, प्रवेश व प्रवास यांची व्यवस्था करते आणि त्या बदल्यात धावणारा किमान ठराविक रक्कम जमविण्याची हमी देतो. बॉस्टन मॅरेथॉन ही ठराविक वेळेत अंतर कापून दाखविणाऱ्यांसाठीच राखीव असल्याबद्दल प्रसिद्ध होती. तिनेही १९८९ मध्ये धर्मादाय संस्थांना जागा देण्यास आरंभ केला. लंडनमध्ये १९९३ पासून संस्थांना दर वर्षी निश्चित संख्येने जागा विकत घेण्याची सोय झाली. संस्था त्या जागा सामान्यत: दीड-दोन हजार पौंड जमविण्याचे वचन देणाऱ्यांना देतात. हा बदल मूलगामी होता. पूर्वी धावण्याला किंमत होती. आता प्रारंभरेषेवरील जागेलाच किंमत आली. २०२५ च्या लंडन मॅरेथॉनसाठी ८ लाख ४० हजारांहून अधिक अर्ज आले असता प्रत्यक्ष धावले ते सु. ५६ हजार. ही टंचाई हेच निधिसंकलनाचे भांडवल होय. त्या वर्षी ८ कोटी ७३ लाख पौंड जमले, तर २०१९ मध्ये हा आकडा ६ कोटी ६४ लाख होता.

मॅरेथॉनचे अंतर सर्वांना झेपणारे नसते. अमेरिकेत डॅलस येथे १९८३ मध्ये ८०० जणांनिशी सुरू झालेली ‘रेस फॉर द क्युअर’ आणि लंडनच्या बॅटरसी उद्यानात १९९४ मध्ये ६८० स्त्रियांनी धावून सुरू केलेली ‘रेस फॉर लाइफ’ या ५ किमी.च्या दौडींनी हा प्रकार घरगुती स्त्रियांपर्यंत नेला. स्तनाच्या कर्करोगाविषयी चारचौघांत न बोलण्याचा संकोच कमी करण्यात या दौडींचा वाटा निधीइतकाच मोठा आहे. मे १९८६ मधील ‘स्पोर्ट एड’ या उपक्रमात आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी एकाच दिवशी ८९ देशांत दौडी झाल्या. सहभागाच्या दृष्टीने तो उच्चांक असला, तरी त्यास टेरी फॉक्स दौडीसारखी अखंड परंपरा लाभली नाही.

श्रमाचे प्रदर्शन हे या प्रथेचे अंग कधी विक्षिप्तही बनते. लॉइड स्कॉट यांनी २००२ ची लंडन मॅरेथॉन खोल समुद्रात बुडी मारणाऱ्याचा अवजड पोशाख चढवून पाच दिवसांहून अधिक काळात पूर्ण केली, तेही ल्युकेमियाग्रस्तांसाठीच. पंजाबात जन्मलेले फौजा सिंग २००० मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी लंडनमध्ये धावले. अशा उदाहरणांचे कौतुक होणे स्वाभाविक असले, तरी साध्या गतीने व साध्या वेशात धावणाऱ्याकडे देणगीदारांचे दुर्लक्ष होण्याचा धोका त्यात आहे.

या व्यवस्थेवरील आक्षेप मुख्यत्वे पैशाच्या वाटपासंबंधी आहेत. जागा विकत घेऊन प्रशिक्षक व कर्मचारी नेमणे मोठ्या संस्थांना परवडते, लहान संस्था प्रतीक्षायादीत राहतात; लोकप्रिय रोगांना मिळणारा पैसा उपेक्षित कामांना मिळत नाही; आणि परगावच्या शर्यतीचा प्रवासखर्च देणगीतून भागविला जातो तेव्हा देणगीदाराने नेमके कशासाठी पैसे दिले, हे संदिग्ध राहते. एका दिवसावर वर्षाचा हिशोब टेकविण्यातील धोका २०२० मध्ये महासाथीमुळे उघड झाला. एप्रिलमधील लंडन मॅरेथॉन पुढे ढकलावी लागली, तेव्हा संस्थांच्या मदतीसाठी घरच्या घरी करण्याजोगे आव्हान पुकारण्यात आले. त्यातून जमलेले सु. १ कोटी १० लाख पौंड आदल्या वर्षीच्या रकमेच्या एक-षष्ठांश होते.

महाराष्ट्रात पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून सुरू झाली. तिचे स्वरूप प्रामुख्याने स्पर्धात्मक होते. धर्मादाय निधीची जोड मोठ्या प्रमाणावर मिळाली ती १५ फेब्रुवारी २००४ रोजी प्रथम झालेल्या मुंबई मॅरेथॉनला. येथे लंडनची पद्धत स्वीकारण्यात आली, परंतु तिला स्थानिक वळण लागले. सु. ६ किमी.च्या ‘ड्रीम रन’मध्ये कंपन्यांचे कर्मचारी, शाळकरी मुले, अपंग व्यक्ती व त्यांचे साहाय्यक फलक हाती घेऊन, कधी सोंगे काढून, गटागटाने जातात, कित्येक जण धावण्यापेक्षा चालतातच. नोंदणीकृत संस्था या गटांना जागा देतात. २००९ पासून देणग्यांचा हिशोब ठेवण्याचे काम ‘युनायटेड वे मुंबई’ या संस्थेकडे आले. २०१९ मध्ये जमलेली रक्कम ४० कोटी रुपयांहून अधिक होती. यातील मोठा वाटा कंपन्या व धनिक व्यक्ती यांचा असतो. मैलामागे चार आणे-आठ आणे लिहून देणारा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा तक्ता मुंबईत फारसा रुजला नाही. महासाथीमुळे २०२१ व २०२२ मध्ये शर्यत होऊ शकली नाही. १५ जानेवारी २०२३ रोजी ती पुन्हा भरली, तेव्हा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर विविध संस्थांचे फलक पूर्वीप्रमाणेच दिसले.