दिव्याला टोपी

मागच्या वेळी पथदिव्यांवर बोललो, तेव्हा एका गटाकडून विचारणा आली होती. गावच्या चौकात उंच हायमास्ट बसला, उजेड असा की रात्री गहू निवडावेत. पण आता अंगणात बाज टाकली तरी झोप येत नाही, आणि देवळामागच्या बोळात मात्र पूर्वीपेक्षा जास्त काळोख वाटतो. हे कसं काय? आम्ही उत्तर शोधायला बसलो तेव्हा दिसलं, की आपल्या गावांत आज जे चाललंय ते मुंबईच्या उपनगरांत आधीच होऊन गेलंय. म्हणून आज थोडं मागे जाऊ.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही नावं आता लोकलच्या गर्दीमुळे ओळखीची आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती साष्टी बेटावरची साधी गावं होती. भाताची खाचरं, मिठागरं, कोळीवाडे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची गावठाणं, डोंगराच्या कुशीत वारल्यांचे पाडे. रात्री घरात दिवा, फार तर ओटीवर कंदील, आणि बाहेर पडायचं तर चांदणं. आभाळ हेच घड्याळ. मृगातलं तिकांडं कुठवर आलं यावरून रात्र किती उरली ते कळायचं. सप्तर्षीच्या चार ताऱ्यांची खाट आणि तिच्यामागचे तीन चोर, ही गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी आजीकडून ऐकली असेल. त्या तीन चोरांतला मधला तो वसिष्ठ, आणि त्याला खेटून बारीक लुकलुकते ती अरुंधती. लग्नात नवऱ्यानं नवरीला दाखवायची ती हीच. आज अंधेरीच्या एखाद्या हॉलबाहेर गुरुजी वर बोट दाखवतात, दोघं माना वर करतात, फोटो निघतो. पण त्या भुरकट आभाळात अरुंधती सापडणं मुश्कील. ती आहे तिथेच आहे, तिच्याभोवतीचं आभाळ उजळून गेलंय.

मुंबई शहराच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५च्या ऑक्टोबरात. दिवेवाला एकेक दिवा पेटवत पुढे जाई आणि लोकांची झुंड त्याच्यामागून या खांबापासून त्या खांबापर्यंत चालत राही. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचा दिवाही आला, पण ती कंपनी लवकरच बुडाली. विजेनं खरं बस्तान बसवलं ते १९०५ नंतर. ७ मे १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम धावली.

या ट्रामपायी एक गंमत झाली. कुलाब्याला १८२६ पासून एक वेधशाळा होती. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले, चुंबकाच्या सुईचं हलणं रात्रंदिवस टिपलं जाई. विजेच्या ट्राम आल्या की सुई बिघडणार हे तिथले संचालक नानाभाई मूस यांनी आधीच ओळखलं. मग चुंबकाचं सगळं काम खाडीपलीकडे अलिबागला हलवलं. १९०४ साली तिथे लोखंड न वापरता खास इमारत बांधली, दोन वर्षं दोन्हीकडे मोजणी करून ताळा पाहिला, आणि मग कुलाब्याची मोजणी थांबवली. आम्हाला यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की नवं काही येताना जुन्याचं काय बिघडेल याचा विचार त्या वेळी कोणीतरी आधी केला होता. रात्रीच्या आभाळाच्या बाबतीत तसा विचार कोणी केला नाही.

उपनगरांत वीज द्यायला १९२९ साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी निघाली. तिची वीज टाटांकडून यायची, आणि टाटांची वीज यायची सह्याद्रीत अडवलेल्या पाण्यातून. खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं. पुढे मुळशीचं धरण ठरलं तेव्हा मावळातल्या बावन्न गावांच्या जमिनीवर गदा आली, आणि १९२१ च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापटांनी तो लढवला. बायाही त्यात उतरल्या, तुरुंगात गेल्या. धरण मात्र झालंच. म्हणजे मुंबईच्या रस्त्यावरच्या दिव्यांमागे बुडालेल्या शेतांचीही एक गोष्ट आहे. असा महागात पडलेला उजेड आपण वर आभाळात उधळतो, हे आम्हाला अजून पटत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली अंधेरी-घाटकोपरचा भाग बृहन्मुंबईत आला आणि १९५७ साली हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. चाळी, कारखाने, वसाहती झाल्या. रस्त्यांवर नळीचे दिवे आले, मग सोडियमचे पिवळे. तेव्हा लोकांनी या दिव्यांचं स्वागतच केलं आणि ते बरोबरच होतं. कारखान्यातून दुसऱ्या पाळीहून परतणाऱ्या बाईला रस्त्यावर दिवा हवाच होता. पण दिवा कसा असावा, त्याचं तोंड कुठे असावं, रात्री दोन वाजता तो किती तेज असावा, हे ठरवायला कुठलाच नियम नव्हता. घरावर फोकस, दुकानावर पाटी, मैदानावर हॅलोजन, नाक्यावर जाहिरातीचा फलक, ज्याला जमेल तसा तो उजेड वाढवत गेला.

परिणाम असा, की १९८५-८६ साली हॅलेचा धूमकेतू आला त्या सुमारास मुंबईत 'खगोल मंडळ' उभं राहिलं तेव्हा तारे बघायला त्यांना शहराबाहेर जावं लागलं. कर्जत लाइनवर वांगणीला त्यांचे रात्रभराचे कार्यक्रम होत. मुलुंड-घाटकोपरची मुलं सतरंजी आणि डबा घेऊन लोकलनं वांगणीला उतरायची आणि तिथे पहिल्यांदा आकाशगंगेचा पट्टा बघायची. आपल्याला जे अंगणात फुकट मिळतं त्यासाठी ती तिकीट काढून जात होती. पुण्याच्या आयुका या संस्थेनं २००६ साली मोठी दुर्बीण उभारली तीही शहरापासून लांब, गिरवलीच्या डोंगरावर.

आणि मग एलईडी आले. २०१५ पासून सरकारनं देशभर पथदिवे बदलायची योजना घेतली. वीज कमी लागते, यात वाद नाही. त्याच वर्षी मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे लावले आणि मुंबईत केवढा गहजब झाला. राणीचा हार सोन्याचा होता तो फिका पडला, असं लोक म्हणाले. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि पुढे तिथे पुन्हा पिवळसर दिवे आले. लोक शोभेसाठी भांडले, पण त्यांच्या डोळ्यांना जे खटकलं त्यामागे खरं शास्त्र आहे. पांढरा एलईडी मुळात निळ्या प्रकाशापासून बनतो. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, दिवसा आभाळ निळं दिसतं ते त्यामुळेच. म्हणून पांढऱ्याशुभ्र दिव्यानं रात्रीचं आभाळ पिवळ्यापेक्षा जास्त उजळतं. शरीरालाही निळसर उजेड म्हणजे दिवस वाटतो, झोप उशिरा येते. अंगणातल्या बाजेवर झोप न लागण्याचं हे एक कारण. मरीन ड्राइव्हला आरडाओरडा करणारे होते. घाटकोपर-मुलुंडच्या गल्लीत पांढरे दिवे लागले ते लागलेच.

बोळातल्या काळोखाचं उत्तरही इथेच आहे. डोळ्यांवर थेट झगमगीत दिवा आला की बाहुली बारीक होते. मग उजेडाच्या कडेला जे असेल ते काळं ठिक्कर दिसतं. समोरून गाडीचा हेडलाइट आल्यावर होतं ना, तसंच. दिवा जितका तिरपा आणि झगझगीत, तितकी त्याच्या आडची सावली दाट. चोर असो, साप असो, तो त्या सावलीत असतो.

बोरिवलीला ही गोष्ट जिवावरची आहे. एका बाजूला बोरिवली, दुसऱ्या बाजूला मुलुंड, आणि मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. त्यात बिबटे. २००२ ते २००४ या काळात जंगलाच्या कडेला बिबट्याच्या हल्ल्यांत कितीतरी माणसं गेली, त्यांत मुलं बरीच होती. घरात संडास नाही, रात्री बाहेर जायचं, वाटेवर दिवा नाही, अशा वस्त्यांची ही गोष्ट. २०११ पासून वनखात्यानं अभ्यासक आणि नागरिकांना सोबत घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम चालवला. कचरा साठला की कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, म्हणून कचरा उचला, घराजवळ संडास करा, चालायच्या वाटेवर उजेड ठेवा, असं त्यातून लोकांना सांगितलं गेलं. म्हणून आभाळासाठी दिवे विझवा असं कोणी शहरातून आपल्याला सांगायला आलं, तर त्याला आधी पाड्यावरच्या बाईबरोबर रात्री संडासपर्यंत चालवून आणावं. वाटेवर दिवा पाहिजे. तो वाटेवरच पडला पाहिजे, झाडांच्या शेंड्यांवर आणि ढगांवर नाही. झाडांचं निघालं म्हणून सांगतो, मुंबई-ठाण्यात झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळतात त्याविरुद्ध २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. रात्री घरट्यात टेकणाऱ्या पाखरांची बाजू निदान कोर्टात तरी मांडली गेली.

हे सगळं नीट करून दाखवलं ते मात्र आपल्या विदर्भातल्या खेड्यांनी. नागपूर जिल्ह्यात पेंच व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या काठच्या वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर पथदिवे आणि सार्वजनिक दिवे वनखात्यानं बदलले. दिवे काढले नाहीत. जमिनीकडे तोंड असलेले दिवे लावले. जंगलाजवळ आभाळ बघायला दुर्बिणीची सोय केली. जानेवारी २०२४ मध्ये 'डार्कस्काय इंटरनॅशनल' या संस्थेनं पेंचला काळोख्या आभाळाचं उद्यान म्हणून मान्यता दिली. भारतातलं हे असं पहिलं उद्यान. ही संस्था १९८८ साली अमेरिकेत ॲरिझोनात निघाली, तिथल्या दुर्बिणींना शहरांच्या उजेडाचा त्रास होऊ लागला त्यातून. विदर्भातल्या गोंड गावांत तर आभाळाचं ज्ञान पूर्वीपासूनचं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून ते लिहून ठेवलंय. तिकडे लडाखमध्ये हानले गावातही २०२२ पासून आभाळ राखून ठेवलंय, आणि गावातलीच मुलं-मुली पाहुण्यांना तारे दाखवून चार पैसे मिळवतात.

आपल्याला पर्यटक नको असतील, तरी शेत आहेच. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन बघा. बाकीचं वावर पिवळं पडून काढणीला येतं आणि खांबाजवळचा पट्टा हिरवाच राहतो, कारण रात्र लांबली की सोयाबीनला पिकायची वेळ कळते आणि तिथे रात्रच होत नाही. शेवंती उशिरा फुलवायची असेल तर बागायतदार रात्री मुद्दाम बल्ब लावतात, ते याच कारणानं. हुमणीचे भुंगेरे धरायला आपण प्रकाश सापळा लावतो. मग वावराच्या बांधावर रात्रभर जळणारा फोकस हा दुसरं काय आहे? फक्त त्याखाली पाण्याची पाटी नसते. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याकडे मे-जूनमध्ये काजवे बघायला गर्दी होते, आणि गाड्यांच्या दिव्यांपुढे काजव्याला जोडीदार सापडत नाही.

आता कामाचं. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ती घ्यायला लावा आणि दिव्यांचा विषय तिथे काढा. नवा खांब येणार असेल तर कुठे, हे आपण सांगायचं. संडासची वाट, पाणवठा, बसथांबा, अंगणवाडीचा बोळ. एक उंच हायमास्ट चौकात उभा करण्यापेक्षा त्याच पैशात वाटेवर बुटके खांब किती होतील, ते विचारा. दिव्याची काच जमिनीला समांतर हवी, वर आणि बाजूला टोपी हवी, लांबून बघितलं तर बल्ब डोळ्याला दिसता कामा नये. खोक्यावर आकडा असतो. ६५०० के म्हणजे पांढरा-निळसर, ३००० के किंवा त्याहून कमी म्हणजे पिवळसर. आपल्याला लहान आकडा पाहिजे. बसलेला हायमास्ट काढायची गरज नाही, दुरुस्तीला माणूस वर चढेल तेव्हा तिरपे दिवे खाली वळवायला सांगा, त्याला नवीन सामान लागत नाही. मध्यरात्रीनंतर अर्धे दिवे बंद ठेवायचे की नाही, हे रात्रपाळीच्या आणि दवाखान्याच्या वाटा बघून ठरवा. बिलाचंही लक्षात असू द्या. २०२१ साली थकबाकीमुळे कितीतरी गावांतले पथदिवे बंद पडले होते, आणि तेव्हा चाचपडत चालल्या त्या बायाच.

पुढच्या भागापर्यंत एक करा. गटातल्या दोघी-तिघी मिळून रात्री गावातून चक्कर मारा आणि मोजा. खांब किती, टोपी असलेले किती, दिवसाही जळत राहिलेले किती, आणि जिथे खरंच दिवा हवा तिथे नाही अशा जागा किती. वहीत लिहून आमच्याकडे पाठवा. आकडे गावाच्या नावासह वाचून दाखवू.