उताणा आणि पालथा : कवेलूची कुळकथा

सानगडीच्या किल्ल्याच्या उंचवट्यावर मे महिन्यात भरदुपारी उभं राहिलं, की आधी गावाची छपरं दिसतात. टिनाची चमक डोळ्यांत घुसते, स्लॅब करडे पडलेले असतात आणि अधेमधे एखादा काळपट-तांबडा पट्टा, कवेलूंचा. साकोली तालुक्यातल्या या गावात काय नि पूर्व विदर्भाच्या साऱ्या झाडीपट्टीत काय, तो पट्टा आक्रसत चालला आहे. तो पुसला जाण्याआधी त्याचं कूळ सांगायला हवं.

बाकीचा महाराष्ट्र ज्याला कौल म्हणतो त्याला आपण कवेलू म्हणतो. शेजारच्या मध्य प्रदेशातही हाच शब्द चालतो. संस्कृतात कपाल म्हणजे डोक्याची कवटी आणि मडक्याचं खापरसुद्धा. कपाटाचं कवाड झालं, दीपाचा दिवा झाला. त्याच वाटेनं कपालातून कौल आणि कवेलू उतरले असावेत, असं मला वाटतं. माणसाचं डोकं झाकणारं हाड आणि घराचं डोकं झाकणारं खापर एकाच शब्दातून यावं, हे मनाला पटतं.

भाजल्या मातीचं छप्पर आपल्याकडे सातवाहनांइतकं जुनं. नेवासे आणि तेर इथल्या उत्खननांत खोबणीची, दोन भोकांची सपाट कौलं निघाली. आपला अर्धगोल कवेलू मात्र निराळ्या घराण्यातला, चाकावर जन्मलेला. कुंभार मडक्यासारखीच माती चढवून लांब पोकळ नळी काढतो, एका तोंडाला किंचित निमुळती. ओली असतानाच तिला उभ्या चिरा द्यायच्या, सुकली की दोन फाकी करायच्या आणि भट्टीत भाजायच्या. एका नळीचे दोन कवेलू. निमुळतेपणामुळे एकाचं टोक दुसऱ्याच्या पोटात बसतं. खालचा उताणा, वरचा पालथा. खिळा नाही, चुना नाही. बांबूच्या कमच्यांवर ते नुसते आपल्या वजनानं पडून राहतात.

या नुसत्या पडून राहण्यातच सगळी करामत आहे. उताण्या आणि पालथ्याच्या मध्ये हवा राहते. उन्हानं वरचा तापला तरी ती धग थेट खाली उतरत नाही, आणि घरातली तापलेली हवा फटींतून वर निघून जाते. सूर्य बुडाला की पातळ माती लवकर निवते. उतार फार द्यावा तर कवेलू घसरतात, कमी द्यावा तर पाणी उलटं आत शिरतं. सपरीवर, म्हणजे ओसरीवर, छप्पर वाकून जावं लागेल इतकं खाली आणायचं, म्हणजे मातीची भिंत उन्हापासून वाचते आणि पावसापासूनही. हे कोणा एकाला सुचलेलं नाही, दरवर्षीच्या दुरुस्तीतून घडत आलं. मिरगाच्या आधी घरोघर कवेलू फेरायचे: सगळे उतरवायचे, फुटके वेगळे काढायचे, सडकी कमची बदलायची, कुठं गळलं होतं ते आठवून तिथली रचना सुधारायची. आज वास्तुविशारद ज्याला इमारतीच्या कामगिरीचं मूल्यमापन म्हणतात, ते इथं दरवर्षी छपरावर बसून होत होतं, आणि चूक सापडली की त्याच दिवशी दुरुस्त होत होती.

मग कुळात बाहेरची माणसं आली. फ्रान्सच्या आल्सास प्रांतातल्या गिलार्दोनी बंधूंनी 1841 साली एकमेकांत अडकणाऱ्या कौलांचं पेटंट घेतलं. 1865 साली बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळुरात जेप्पूला त्या धाटणीच्या कौलांचा कारखाना काढला. ते मंगलोरी कौल विदर्भात इंग्रजी कवेलू झालं. फेरायची कटकट कमी झाली, पण साच्याच्या या कौलात गावच्या कुंभाराच्या चाकाला काम उरलं नाही. पन्हाळी पत्रा त्याहून जुना, लंडनच्या हेन्री पामर यांचा, 1829 सालचा. आपल्याकडे तो टीन झाला. शेवटी आला स्लॅब.

कवेलू सोडणाऱ्यांना मी दोष देणार नाही. वांदरांची टोळी एका उडीत वर्षभराची मेहनत फोडते, फेरायला माणूस मिळत नाही, लाकूड महाग झालं. पण निवड करताना आपण दोनच गोष्टी तपासल्या, गळतं का आणि खर्च किती. तापतं का, हे विचारलंच नाही. टीन दुपारी भाजून काढतं. स्लॅब दिवसभराचं ऊन पोटात साठवतो आणि आपण अंग टाकतो तेव्हा ते खाली सोडतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं डिसेंबर 2018 मध्ये इको निवास संहिता आणली. तिच्यानुसार छपरातून होणारं उष्णतेचं वहन दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला 1.2 वॉटच्या वर नसावं. उघड्या स्लॅबचा आकडा तीनच्या पुढे जातो. म्हणजे गावोगाव आपण जे बांधतो आहोत ते या मापात नापास आहे.

कवेलूत सुधारणा करता येते, हे आपल्याच विदर्भात सिद्ध झालं आहे. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं कुंभाराच्या चाकावरच शंकूसारखे पोकळ कवेलू घडवले, ते एकात एक गुंतवून कमान उभी केली आणि लाकडाचा सांगाडाच काढून टाकला. माझ्या मते कवेलूच्या वंशात हाच खरा वारस, कारण पोटातली हवा आणि कुंभाराचं चाक, दोन्ही त्यानं राखली.

तुमच्या घरकुलाचा स्लॅब पडायचा असेल, तर जुने कवेलू उतरवून फोडू नका. भिंतीच्या कडेला रचून ठेवा. स्लॅब पडल्यावर कठडा बांधून ते त्यावर पालथे ओळीनं मांडा, आणि पुढच्या मे महिन्यात रात्री दहा वाजता छताला खालून हात लावून पाहा.