औषधदान आणि ज्ञानदान : मुंबईच्या दोन रुग्णालयांचा इतिहास

आपल्या धर्मात आहारदान, औषधदान, ज्ञानदान व अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. समाजातील दात्यांनी भोजनशाळा चालवून आहारदान केले, दवाखाने काढून औषधदान केले, पाठशाळा व वसतिगृहे उभारून ज्ञानदान केले. मात्र औषधदान व ज्ञानदान एकाच वास्तूत, एकाच देणगीतून घडू शकते, याचा विचार आपण क्वचितच करतो. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय ही अशी वास्तू होय. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुंबईतील अशा दोन संस्थांचा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

मुंबईत एतद्देशीय विद्यार्थ्यांसाठी सरकारने १८२६ साली एक वैद्यकशाळा काढली होती. ती १८३२ साली बंद पडली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी वैद्यकीय महाविद्यालयाची योजना हाती घेतली. परंतु १८३८ साली त्यांचे निधन झाले. मुंबईकरांनी त्यांच्या स्मरणार्थ निधी उभारला. त्याच वर्षी जमशेटजी जीजीभाई यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले. हेच जमशेटजी १८३४ साली आपले शेठ मोतीशा यांच्या बरोबरीने मुंबईच्या पांजरपोळाच्या स्थापनेत अग्रभागी होते, हे येथे नमूद करणे उचित ठरेल. मुक्या जनावरांची सोय पाहणारा हात चार वर्षांतच आजारी माणसांकडे वळला.

१८४५ साली भायखळ्यास ग्रँट मेडिकल कॉलेज व जमशेटजी जीजीभाई रुग्णालय शेजारी-शेजारी सुरू झाले. पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा आग्रह असे की, वैद्यक केवळ ग्रंथांतून न शिकता रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकावे. १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. आत्माराम पांडुरंग होते. भाऊ दाजींनी धर्मार्थ दवाखाना चालविला व कुष्ठरोगावर देशी वनस्पतीच्या औषधाचा शोधही घेतला.

या संस्थेची खरी कसोटी १८९६ साली लागली. त्या वर्षी मांडवी भागात प्लेगचे पहिले निदान करणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे याच महाविद्यालयाचे पदवीधर होते. लस शोधण्यासाठी डॉ. वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, तेव्हा त्यांची तात्पुरती प्रयोगशाळाही याच महाविद्यालयात थाटली गेली. लस प्रथम सशांवर तपासली गेली. ही गोष्ट आपल्या अहिंसाधर्मी मनास सलते, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु माणसांपैकी पहिली सुई हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्याच देहात टोचून घेतली, हेही विसरता येत नाही.

एवढे असूनही एक अन्याय शिल्लक होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातील वरिष्ठ जागा प्रामुख्याने सरकारी वैद्यकीय सेवेतील युरोपीय अधिकाऱ्यांकडे असत. उच्च पदवी मिळविलेल्या हिंदी डॉक्टरांनाही तेथे दुय्यम स्थान पत्करावे लागे. शिकण्याची मुभा होती, शिकविण्याची नव्हती. या अन्यायास उत्तर मिळाले ते दानपत्राच्या अटीतून. कैलासवासी शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनी नव्या महाविद्यालयासाठी देणगी दिली, ती अशा अटीवर की, तेथील अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, योग्य पात्रतेचे हिंदी गृहस्थच असावेत. मुंबई महानगरपालिकेने परळ येथे के. ई. एम. रुग्णालय उभारले आणि १९२६ साली रुग्णालय व महाविद्यालय यांचे काम सुरू झाले. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता हे पुढे १९६० साली गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

ज्यांना वरिष्ठ जागा नाकारल्या जात होत्या, त्या हिंदी डॉक्टरांनी पुढे काय करून दाखविले, याचे एकच उदाहरण पुरेसे आहे. के. ई. एम.चे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्या जुन्या वनस्पतीचा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर होणारा परिणाम काळजीपूर्वक नोंदविला. त्यांचा निबंध १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष या औषधाकडे गेले. वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली मुळी जगाने स्वीकारली, ती रुग्णागणिक ठेवलेल्या नोंदींमुळे. असे काम एकट्या दवाखान्यात होणे कठीण. त्यास पुष्कळ रुग्ण, प्रश्न विचारणारे विद्यार्थी आणि नोंदी तपासणारे गुरुजन एकत्र लागतात. शिकविणारे रुग्णालय म्हणजे हाच त्रिवेणी संगम होय.

आपण व्यापारी माणसे. करारातील एका ओळीची किंमत आपणास वेगळी सांगावयास नको. तरीही दान देताना आपण रक्कम पाहतो, संगमरवरी पाटीवरील नाव पाहतो, आणि त्या रकमेतून नेमके काय घडावे हे लिहून ठेवण्यास विसरतो. पाटी वाचणारे आज वाचतील, उद्या विसरतील. पण परळच्या त्या एका अटीमुळे हिंदी डॉक्टरांना आपल्याच देशात गुरुपद लाभले.

सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग कसा करावा, याची चर्चा सध्या समाजात सुरू आहे. खोल्या वाढविण्याची सूचना योग्यच आहे. तथापि माझी नम्र विनंती अशी की, निधीचा एक हिस्सा वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या होतकरू विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा, आणि त्याची अट स्पष्ट शब्दांत लिहावी : शिक्षण पूर्ण झाल्यावर त्या डॉक्टरने ठराविक काळ गोरगरीब रुग्णांची सेवा करावी व आपल्यामागून येणाऱ्या एका तरी विद्यार्थ्यास मार्गदर्शन करावे. असे झाले, तर एका रुपयात औषधदान व ज्ञानदान ही दोन्ही पुण्ये ट्रस्टच्या खाती जमा होतील.

जय जिनेंद्र!